‘तो खंय चल्लो, आणि कित्याक?’ : स्कीच्या फिल्मला गोष्ट लागते का

आमच्या घरी बर्फ येतो तो मासळीच्या पेटीतून. बंदरावर लादी फोडतात, तिचा चुरा सुरमईवर पसरतात आणि सुरमई विळीपर्यंत पोचेतो त्याचं पाणी झालेलं असतं. आभाळातून पडणारा, डोंगरच्या डोंगर झाकणारा, माणूस कमरेपर्यंत रुतेल असा भुसभुशीत बर्फ आमच्या वाडीत कोणी बघितलेला नाही. अपवाद माझ्या भाच्याचा. हॉटेल मॅनेजमेंट करून तो दोन हिवाळे गुलमर्गला एका हॉटेलात राबला आणि परत येताना कोपरावर टाक्यांची खूण आणि हार्ड डिस्कभर स्कीच्या फिल्म घेऊन आला.

मी मालवणात पर्यटकांच्या स्कूबा डायव्हिंगचे व्हिडिओ एडिट करतो. पाऊस लागला, समुद्र बंद झाला की मी रिकामा. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात जेवणं आटपली की माजघरातल्या टीव्हीवर रोज एक फिल्म लागायची. पहिल्या रात्रीची फिल्म मला आठवते, म्हणजे खरं तर आठवत नाही. पांढरे डोंगर, हेलिकॉप्टर, ढणढण गिटार, कड्यावरून झेपावणारा लाल जॅकेटवाला, मग निळा जॅकेटवाला, मग परत लाल. तो आधीचाच की दुसरा, देव जाणे. दहाव्या मिनिटाला मला जांभई आली. माई, म्हणजे माझी आई, वाती वळत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "तो खंय चल्लो? आणि कित्याक?"

"खंय नाय गो आजी. खाली."

"खालती काय असा?"

"काय नाय. मगे हेलिकॉप्टरान परत वर."

माईने पुढे काही विचारलं नाही, वातींत लक्ष घातलं. पण तिचा प्रश्न, तो कुठे चालला आणि कशाला, साधा नव्हता. स्कीच्या फिल्म बनवणारे लोक शंभर वर्षं तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने एकमेकांना विचारत आलेत. या प्रकाराला गोष्ट हवी की नको? मी आयुष्यात स्की पायाला बांधलेली नाही. पण लोकांचे अंगावर काटा आणणारे अनुभव पडद्यावर कंटाळवाणे कसे होतात, हे मला धंद्यामुळे चांगलं माहीत आहे. म्हणून हा लेख.

आधी, ही फिल्म बनते कशी

पायाला दोन लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येणं म्हणजे स्कीइंग. त्याचे दोन मोठे प्रकार धरू. एक शर्यतीचा. ठरलेला मार्ग, रोवलेल्या काठ्या, घड्याळ. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकुलता एक खेळाडू गेला होता, काश्मीरचा आरिफ खान. तो जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. ४५वा म्हणजे काय, हे माईलाही कळतं. शर्यतीत घड्याळ हीच गोष्ट असते, वेगळी लिहावी लागत नाही. दुसरा प्रकार मोकळ्या डोंगरावरचा. तिथे मार्ग नाही, घड्याळ नाही, पंच नाही. उतार बघायचा, मनात एक रेघ आखायची आणि त्या रेघेने खाली यायचं. स्कीवाले तिला ‘लाइन’च म्हणतात. आपण ज्या फिल्मबद्दल बोलतोय त्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या, आणि अडचण तिथेच आहे.

अशा फिल्मचं वर्षाचं चक्र ठरलेलं असतं. हिवाळ्यात आणि वसंतात शूटिंग, उन्हाळ्यात एडिटिंग, पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या थिएटरांत खेळ. पैसा बराचसा स्की, कपडे आणि पेयांच्या कंपन्यांकडून येतो. एक स्कीअर अलास्कात शूट करतो, दुसरा जपानात, तिसरा कॅनडात. पुष्कळदा ते एकमेकांना भेटतही नाहीत. प्रत्येकाचं तीन-चार मिनिटांचं प्रकरण, त्याला ‘सेगमेंट’ म्हणतात, आणि प्रत्येक सेगमेंटला एक गाणं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅचस्टिक प्रॉडक्शन्स आणि टेटन ग्रॅव्हिटी रिसर्च या कंपन्या निघाल्या, त्यांनी हा साचा पक्का केला. निव्वळ थरारामागून थरार देणाऱ्या अशा फिल्मला स्कीवाले स्वतःच ‘स्की पॉर्न’ म्हणतात. शब्द चावट आहे, पण नेमका आहे. कथेसाठी कोणी थांबत नाही, हे त्यात आलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे लोक आळशी, गोष्ट लिहायचा कंटाळा करतात. तसं नाही. ताज्या बर्फाचा उतार एकदाच वापरता येतो. स्कीअर खाली आला की त्याच्या फळ्यांचे चरे उमटतात आणि ते पुढचा बर्फ पडेपर्यंत जात नाहीत. रीटेक नाही! त्यात उजेड हवा. ढग आले की बर्फावरचे उंचसखल भाग दिसेनासे होतात, स्कीअरलाही आणि कॅमेऱ्यालाही. म्हणून माणसं तंबूत नाहीतर लाकडी घरात दिवसच्या दिवस पत्ते कुटत बसतात आणि एका सकाळी ऊन पडलं की धावतात. बर्फ धोक्याचा निघाला तर तीही सकाळ फुकट. रापण ओढायच्या आधी जाळ्यात काय येणार ते कोणी वहीत लिहून ठेवतं का? तसंच हे. जे मिळालं त्यातून फिल्म शिवायची. आधी कथा लिहून मग डोंगराला तिच्याप्रमाणे वागायला सांगता येत नाही.

तेव्हा गोष्ट नसण्यामागे कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. पण त्यामुळे माझी जांभई खोटी ठरत नाही.

जांभईचं कारण

चौथ्या-पाचव्या रात्री मला एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे सारख्याच चेहऱ्याने बघत असताना भाचा मध्येच श्वास रोखायचा. कधी "आयला!" म्हणून पुढे सरकायचा. आम्हाला तिथे काहीच दिसत नसे. एकदा मी रिमोट घेऊन चित्र थांबवलं आणि म्हटलं, आता सांग, काय झालं?

त्याने पडद्यापाशी जाऊन बोट ठेवलं. स्कीअरच्या मागून पांढरी धूळ येत होती. मला ती शोभेची वाटली होती, बोटीमागे फेस उसळतो तशी. भाचा म्हणाला, ती धूळ नाही, त्याच्याच वळणाने सुटलेला वरचा मोकळा बर्फ आहे. त्याला ‘स्लफ’ म्हणतात. तो त्याच्या पाठोपाठ वाहत येतोय आणि त्याच्यापेक्षा जोरात. त्याने सरळ रेघ सोडून ऐन वेळी डावीकडच्या धारेवर उडी घेतली नसती तर त्या लोंढ्याने पाय काढून घेतले असते आणि खाली ते काळे दगड. ते दगड मी आतापर्यंत बघितलेच नव्हते.

मग उताराचं. "मामा, ह्यो उतार किती वाटता?" मी म्हटलं, असेल घाटासारखा. तो हसला. आंबोलीच्या घाटातली गाडीची वाट आपल्याला खडी वाटते, पण घाटरस्ते साधारण पाच-सहा अंशांच्या आतच असतात. घरातला जिना तीस-पस्तीस अंशांचा. हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो तो ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. आणि या फिल्ममधले उतार पुष्कळदा ४५ ते ५० अंशांचे, म्हणजे जिना सोडून माळ्याच्या शिडीकडे झुकलेले. कॅमेरा हे लपवतो. समोरच्या डोंगरावरून लांब लेन्सने टिपलं की उतार चपटा होतो, हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलं तरी चपटाच होतो. पडद्यावर माणूस चादरीवरून घरंगळल्यासारखा दिसतो.

हे ऐकताना मला माझी गिऱ्हाइकं आठवली. वीसेक फूट पाण्याखाली ज्यांचे गुडघे थरथरत असतात, तीच माणसं संध्याकाळी व्हिडिओ बघून म्हणतात, "एवढंच? मला तर वाटलं होतं काहीतरी भयंकर होतंय." कॅमेऱ्यात बुडबुडे, मासे आणि वर केलेला अंगठा. फिशटँक दिसतो, भीती दिसत नाही. भीती दिसायची असेल तर बघणाऱ्याला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं.

तोच उतार आम्ही परत लावला. या वेळी माईनेही वाती बाजूला ठेवल्या. "मागसून इला रे! पळ मेल्या!" ती पडद्याला सांगत होती.

या लेखात मला सांगायचं ते एवढंच. तीन मिनिटांच्या माहितीने जे झालं, तेच काम चांगली गोष्ट करते. स्की येणाऱ्याला उताराचा कोन डोळ्यांनी कळतो. त्याच्या गुडघ्यांना ती आठवण असते. ज्याला ती आठवण नाही, त्याला गोष्ट कोन सांगते. काय पणाला लागलंय, कुठे चुकलं तर काय होईल, हा माणूस घाबरलाय की नाही, एवढं कळलं की पांढरी चादर शिडी होते. म्हणून ‘गोष्टीचा फायदा होतो का’ या प्रश्नाला ‘बघतंय कोण’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. भाच्याला गोष्ट मध्ये आली की त्रास होतो. तो पुढे ढकलतो. माईला ती नसली की वाती दिसतात.

दशावतारात हेच उलटं

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण आहे. दशावताराला जाणाऱ्याला आख्यान आधीच पाठ असतं. राक्षस मरणार, देव जिंकणार, पहाटे दहिकाला होणार. पुढे काय, हा प्रश्नच नाही. लेखी संहिताही नसते. नायक, म्हणजे मंडळीचा प्रमुख, रंगपटात कोणी कुठे काय करायचं ते थोडक्यात सांगतो आणि नट रंगमंचावर आपले संवाद आपणच रचतात. गोष्ट माहीत असल्यामुळेच प्रेक्षकांचं सगळं लक्ष ‘कसं’वर जातं. आज राजा कसा बोलला, युद्धात गिरकी कशी घेतली, पेटी आणि मृदुंग कसे बसले. अलीकडे जत्रेच्या फलकावर ‘ट्रिकसीन’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि मंडपात पोरं नाग निघायची किंवा मुंडकं उडायची वाट बघत जागी राहतात.

ट्रिकसीनवरून म्हाताऱ्यांत आणि पोरांत जो वाद होतो तो जसाच्या तसा स्कीवाल्यांचा वाद आहे. फरक एवढाच की आमच्याकडे गोष्ट सगळ्यांना पाठ म्हणून ती गाळली तरी चालते, आणि त्यांच्याकडे डोंगर पाठ असेल त्यालाच गोष्ट गाळलेली चालते. नुसते ट्रिकसीन मागून मागून लावले, आख्यान काढून टाकलं, तर मुंबईहून पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला काय कळेल? नाग निघाला, छान. कोणावर? का?

(फुगडी बघताना कोणी कथानक मागत नाही, हे मला मान्य आहे. नुसतं शरीर सुंदर हलताना बघण्यातही सुख असतं. पण फुगडी तासभर एकट्याने बसून कोणी बघत नाही.)

शंभर वर्षांत काय काय करून बघितलं

हा माहितीचा प्रश्न अगदी सुरुवातीच्या माणसालाही पडला होता. अर्नोल्ड फांक हा जर्मन, भूगर्भशास्त्राचा डॉक्टर. १९२० मध्ये त्याने स्कीवर माहितीपट काढला. तेव्हा बर्फावरून माणूस धावतोय हेच नवल होतं, गोष्टीची गरज नव्हती. पण नवल किती दिवस पुरणार? १९३१ च्या त्याच्या ‘पांढरी धुंदी’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटात त्याने एक शहाणपणा केला. नायिका अशी घेतली जिला स्की येतच नाही. ती शिकते, पडते, परत उठते आणि तिच्याबरोबर थिएटरातला माणूसही शिकतो. जोडीला धडपडणारी दोन विनोदी पात्रं. शेवटी लांबलचक पाठलाग, त्यात ऑस्ट्रियाचा नावाजलेला स्कीशिक्षक हानेस श्नायडर. कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच. पण नवशिकीला मध्यभागी ठेवल्यामुळे अवघड काय आणि सोपं काय, हे न शिकवता कळतं. (ती नायिका लेनी रीफनश्टाल पुढे हिटलरचे प्रचारपट काढून कुप्रसिद्ध झाली, श्नायडरला नाझींनी १९३८ मध्ये तुरुंगात टाकलं आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. एका पाठलागातली दोन माणसं कुठे कुठे गेली!)

दुसरा उपाय सूत्रधाराचा. अमेरिकेत वॉरन मिलरने १९५० पासून दरवर्षी एक फिल्म काढायला सुरुवात केली. फिल्म घेऊन गावोगाव फिरायचा आणि सुरुवातीच्या काळात स्टेजवर उभा राहून स्वतः निवेदन करायचा. त्याच्या फिल्मना कथानक नव्हतं. एक डोंगर, मग दुसरा देश, मग डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरून आपटणारी नवखी माणसं, मग पुन्हा डोंगर. पण त्याचा मिश्कील आवाज सगळ्याला बांधून ठेवायचा. प्रेक्षक दरवर्षी हिवाळ्याच्या आधी जत्रेला जावं तसे जायचे. २०१८ मध्ये ९३व्या वर्षी तो वारला. त्याचा आवाज असलेली एक जुनी फिल्म माईने इंग्रजी कळत नसताना शेवटपर्यंत बघितली. लिफ्टवरून माणसं पडताना ती एवढी हसली की शेजारच्या काकी डोकावून गेल्या.

तिसरा उपाय सिनेमावाल्यांचा : गोष्ट मोठी आणि स्की चिमूटभर. जेम्स बाँडच्या १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’ची सुरुवात आठवा. मागे मारेकरी, पुढे कडा, आणि बाँड कड्यावरून सरळ हवेत जातो. संगीत थांबतं. माणूस पडतोय, पडतोय, फळ्या पायांतून सुटतात आणि मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं. ती उडी खरी होती, कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून रिक सिल्वेस्टर याने मारलेली. स्कीशी काडीचा संबंध नसलेल्या करोडो लोकांना स्कीचं एकच दृश्य आठवतं, ते हे. कारण ‘तो खंय चल्लो आणि कित्याक’ याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. मागे बंदुका आहेत, म्हणून.

पण यात स्कीवाल्याचं नुकसान बघा. असे सिनेमे मिनिटभर उतार दाखवतात आणि दोन तास भलतंच. भाचा म्हणतो, हे म्हणजे सोलकढीच्या नावाने पाणी देऊन वर कोकमाचा एक थेंब टाकण्यासारखं.

मधली वाट काढणारे २०१० नंतर बरेच निघाले. कॅमेरे हलके झाले, ड्रोन आले, आणि नुसत्या करामती इंटरनेटवर फुकट दिसायला लागल्या. तासाभराच्या फिल्मला लोकांनी तिकीट का काढावं, याचं कारण शोधणं भाग पडलं. २०१३ ची ‘व्हालहाला’ घ्या. एक माणूस हरवलेलं मोकळेपण शोधत निघतो आणि बर्फात राहणाऱ्या भटक्यांच्या टोळीला जाऊन मिळतो. चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी. पण माझं मत विचाराल तर तिथे गोष्ट आणि स्की या दोन वेगळ्या होड्या आहेत, एकाच दोरीने बांधलेल्या. निवेदक जड आवाजात जीवनाबद्दल बोलतो, आपण माना डोलावतो, मग कोणीतरी सुंदर घसरतो आणि त्या घसरण्याला त्या बोलण्याचं काही देणंघेणं नसतं. उतार एक अंशानेही जास्त खडा दिसत नाही.

एडिटर म्हणून मी स्वतःपुरती कसोटी लावतो ती हीच. गोष्ट काढून टाकून तोच उतार परत बघायचा. तो आधीपेक्षा सपाट दिसला तर गोष्ट कामाची होती. तसाच दिसला तर ती वरून चिकटवलेली.

चिकटवलेल्या गोष्टीपेक्षा मला साधी ठरवलेली कामगिरी बरी वाटते. स्वित्झर्लंडचा जेरेमी हाइट्झ याची २०१६ ची ‘ला लिस्त’ म्हणजे नावाप्रमाणे नुसती यादी आहे : आल्प्समधली चार हजार मीटरच्या वरची १५ शिखरं, त्यांचे खडे पडदे, आणि ते वेगात उतरायचे. यात कथानक कुठलं? पण यादी म्हटली की राहिलेली शिखरं मोजली जातात. मोजणं सुरू झालं की माणूस जागा राहतो.

आणि कधी कधी एका शब्दाचीही गोष्ट लागत नाही. २०११ च्या ‘ऑल आय कॅन’ या कॅनडातल्या फिल्ममध्ये जेपी ऑक्लेअरचं एक प्रकरण आहे. तो डोंगरावर नाहीच. गावातल्या गल्ल्यांतून, जिन्यांवरून, घरांच्या मधून, कठड्यांवरून तो स्की करत जातो. हेलिकॉप्टर नाही, कडा नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा लावलं गेलेलं प्रकरण ते. कारण जिना सगळ्यांना माहीत आहे. तिथून पडलं की काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. "लोकांच्या दारातसून चल्लो मेलो!" माई म्हणाली, आणि तिला तो आवडला होता हे आवाजात कळत होतं. फ्रान्सचा कँडिड टोव्हेक्स बर्फ सोडून गवतावरून, वाळूवरून स्की करतो त्या छोट्या व्हिडिओंचंही तेच. वाळू कशी असते हे चिवल्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

ऑक्लेअर २०१४ मध्ये चिलीत हिमस्खलनात गेला. हे भाच्याने प्रकरण तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सांगितलं. त्यानंतर चौथ्यांदा बघताना घरात कोणी बोललं नाही.

गोष्ट आली की हिशेबही येतो

गोष्टीबद्दल बोलताना तिच्यासोबत काय काय घरात शिरतं, ते सहसा सांगितलं जात नाही.

शेन मॅकॉन्कीची गोष्ट घ्या. हा माणूस विदूषक. प्लॅस्टिकच्या बशीवर बसून दारूची बाटली हातात घेऊन घसरणारं ‘सॉसर बॉय’ नावाचं पात्र त्याने स्वतःच काढलं होतं. दशावतारातला संकासुर जसा हसवता हसवता देवालाही सोडत नाही, तसा तो अख्ख्या स्कीजगाची टर उडवायचा. डोकं मात्र कारागिराचं. भुसभुशीत बर्फ हा कडक जमिनीपेक्षा पाण्याच्या जवळचा, असं त्याचं म्हणणं. ते पटवायला त्याने अलास्कातल्या डोंगरावरून चक्क पाण्यावरच्या स्की घालून उतरून दाखवलं. त्या विचारातून रुंद, टोकांना वर वळलेली स्की निघाली. होडीचा नाळ वर का उचललेला असतो, हे ज्याला कळतं त्याला ही स्की लगेच कळेल. २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरांत पॅराशूट बांधून कड्यावरून स्कीसकट झेपावल्यावर त्याच्या फळ्या वेळेवर सुटल्या नाहीत, आणि तो गेला. २०१३ मध्ये त्याच्या आयुष्यावर माहितीपट आला.

आधीच्या फिल्ममध्ये त्याच्या याच उड्या गाण्यावर बसवलेल्या, टाळ्या घेणाऱ्या. माहितीपटात त्याची बायको, छोटी मुलगी. त्याच उड्या, तोच कॅमेरा. पण आता प्रत्येक उडीत आपण फळ्यांकडे बघतो, सुटल्या का. गोष्टीने उतार खडा केला, एवढंच नाही, तो कोणाकोणाच्या अंगणापर्यंत जातो तेही दाखवलं.

याच्याही आधीचं, माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण जपानच्या युइचिरो मिउराचं. ६ मे १९७० रोजी तो एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीखालून, म्हणजे सुमारे ८,००० मीटरवरून, पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर निघाला. सगळा प्रकार जेमतेम २ मिनिटं २० सेकंदांचा. शेवटी तो पडला, शेकडो मीटर घसरत गेला आणि खालच्या मोठ्या भेगेच्या अलीकडे थांबला. त्यावरच्या १९७५ च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. दीड तासाच्या फिल्ममध्ये स्की दोन-अडीच मिनिटं! बाकी सगळं चढणं, ओझी, चहा, वाट बघणं, आणि मिउराच्या रोजनिशीतले विचार. नुसत्या थरारासाठी बसलेला माणूस उठून जाईल. पण ती अडीच मिनिटं येतात तेव्हा तास-सव्वा तास आपण त्या थंडीत बसलेलो असतो, आणि माणूस पडतो तेव्हा ओटीपोटात खड्डा पडतो.

त्या मोहिमेत खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून सहा शेर्पा मेले. फिल्म ते लपवत नाही. मिउरा व्यथित होतो, थांबावं का असं स्वतःला विचारतो, आणि मोहीम पुढे जाते.

माईने त्या रात्री परत तोच प्रश्न विचारला, फक्त सूर वेगळा होता. "तो खंय चल्लो ता कळला. पण ते सहा जण कित्याक?"

भाच्याने रिमोट हातात धरला होता. तो काही बोलला नाही.

स्की, जॅकेट आणि पेयं विकणाऱ्यांना गाण्यावर बसवलेले सेगमेंट का आवडतात, याचा मी त्या रात्री विचार करत होतो. तीन मिनिटांच्या गाण्यात हा प्रश्न विचारायला जागाच नसते.

आता पाऊस सरलाय, माझं काम सुरू झालंय. गिऱ्हाइकाच्या व्हिडिओची सुरुवात मी माशांनी करायचं सोडलं. आधी होडीतला चेहरा घेतो, मास्क लावताना घशातून आवाज न फुटणारा, मग पहिल्यांदा तोंडात पाणी जाऊन हात मारत वर आलेला. मासे शेवटी. एक-दोघांनी तक्रार केली, एवढा घाबरलेला कशाला दाखवलात. काढून दिलं.

भाचा डिसेंबरात परत गुलमर्गला गेला. तिथली गोंडोला, म्हणजे केबल कार, ३,९०० मीटरच्या वर अफरवट डोंगरापर्यंत जाते, ती त्याने आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. मग परवा त्याच्या मित्राने काढलेली एक क्लिप पाठवली. १४ सेकंदांची. कॅमेरा हलतोय, वाऱ्याचा खरखराट, गाणं नाही. निळ्या जॅकेटमधला एक ठिपका येतो, दोन वळणं घेतो, तिसऱ्याला तोंडावर आपटतो, एक फळी एकीकडे आणि तो दुसरीकडे. उठतो. हात वर करतो.

माईने ती माझ्या फोनवर चार वेळा बघितली. पाचव्यांदा लावायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, आता काय बघायचंय त्यात?

"तेचा कोपर बघतंय," ती म्हणाली. "लाव परत."